रुथेनियमचा एकच फेरा

प्रयोगशाळेत तिला सगळे वहिनी म्हणायचे. खरं तर ती स्वतः रसायनशास्त्रातली डॉक्टर, आणि या मजल्यावर नवऱ्याच्याही आधी आलेली. पण लग्न झालं ते समोरच्याच टेबलावर काम करणाऱ्या माणसाशी, आणि त्याला सगळा मजला दादा म्हणत होता. त्यामुळे ती आपोआप वहिनी झाली. पहिले काही महिने तिने कुरकुर केली. "अरे, मी आधीची आहे. त्यालाच भावजी म्हणा की," असंही म्हणून पाहिलं. कोणी मनावर घेतलं नाही. मग तिनेही नाद सोडला.

दादा गेला आणि ते नाव तेवढं मागे राहिलं.

त्याला रक्ताचा आजार झाला होता. उपचार चालू असताना मधले जे बरे दिवस यायचे, त्या दिवसांत तो प्रयोगशाळेत यायचा. केस गेले तेव्हा टोपी घालून आला. "चला, आता फ्लास्कमध्ये केस पडायची भीती नाही," म्हणाला. सगळे हसले, कारण हसायचं नाही तर काय करायचं हे कोणालाच सुचत नव्हतं. आणि त्याच बऱ्या दिवसांत त्याने ते काम केलं, ज्यामुळे बाहेरचे लोकही त्याला ओळखू लागले.

काम होतं फॉस्फरसच्या रेणूंवर फ्लोरीन बसवण्याचं. औषधांवर काम करणाऱ्यांना असे रेणू हवे असतात. त्यातले काही हृदयाच्या पेशींत जाऊन ठाण मांडतात. पण फ्लोरीन हा आडदांड गडी. सांगितलेल्या जागी बसायचं सोडून सगळीकडे धुडगूस घालतो. दादाने मध्ये रुथेनियम आणलं. या धातूभोवती रचलेलं एक नारिंगी कॉम्प्लेक्स कार्बनची साखळी घट्ट धरून ठेवायचं, फ्लोरीन नेमक्या एका कार्बनवर बसायचा, शेजारच्या कार्बनला फॉस्फरस येऊन चिकटायचा, आणि तयार झालेला रेणू धातूपासून सुटायचा. इथपर्यंतचं कोणाला फार नवल वाटलं नसतं. दादाचा दावा पुढचा होता. रेणू सुटला की रुथेनियम मोकळं होतं आणि पुन्हा पहिल्यापासून कामाला लागतं. एक फेरा संपला की दुसरा, मग तिसरा, चौथा. म्हणजे धातू लागणार चिमूटभर आणि माल निघणार त्याच्या चौपट.

त्यावरचा शोधनिबंध छापून आला तेव्हा तो इस्पितळात होता. प्रयोगशाळा चालवणाऱ्या सरांनी तो स्वतः नेऊन त्याच्या हातात दिला. त्याने पहिलं पान पाहिलं, स्वतःच्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "सर, नावात चूक नाहीये. म्हणजे बाकी सगळं बरोबर असणार." पुढच्या महिन्यात तो गेला.

वर्षभराने सरांनी वहिनीला खोलीत बोलावलं. सर निवृत्तीला आलेले, उंच, थोडे वाकलेले. समोरच्याने काहीही सांगितलं तरी "बरं, मग?" म्हणायची त्यांना सवय होती. विद्यार्थी त्याची नक्कल करायचे. त्या दिवशी मात्र त्यांनी स्वतःच सुरुवात केली.

"दादाचा रेणू हवाय लोकांना. हृदयावर काम करणारा एक गट आहे. चमचाभर शुद्ध माल द्या म्हणतायत, प्राण्यांवर तपासायचाय. आपण आजवर तो नळीतच पाहिला, बाहेर काढून कधी तोलला नाही. तू करशील?"

"मी का, सर? पैलवान भावजी आहेत की. निबंधावर त्यांचंही नाव आहे."

"त्याला नोकरीच्या मुलाखती आहेत. आणि…" सरांनी चष्मा काढून पुसला. "मला वाटलं, तुला करावंसं वाटेल."

तिला वाटलं होतंच. रात्रंदिवस ज्याच्याबद्दल ऐकलं, त्या नारिंगी रंगाला तिने स्वतः कधी हात लावला नव्हता. ती हो म्हणाली.

घरी आता ती आणि सासूबाई दोघीच. सासूबाई म्हणजे आई, जन्मभर नर्सची नोकरी केलेल्या. मुलाचं शेवटचं दुखणं त्यांनीच काढलं होतं. सलाइन संपत आलं की वॉर्डातल्या नर्सच्या आधी त्यांचा हात जायचा. तो गेला त्या दिवशी त्यांनीच त्याचे डोळे मिटले, चादर सारखी केली आणि बाहेर येऊन सुनेला म्हणाल्या, "चल, सह्या करायच्या आहेत." लोक म्हणाले, बाई दगडाची आहे. पण त्याच बाईने निबंधाचं पहिलं पान चौकटीत बसवून बाहेरच्या खोलीत लावलं होतं, आणि घरी गॅस दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही त्या ते दाखवायच्या. "माझ्या मुलाने शोधलं. रुथेनियम." तो शब्द त्यांनी पाठ केला होता आणि अगदी स्पष्ट उच्चारायच्या.

वहिनीने त्यांना नव्या कामाचं सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे त्याचं काम आता माणसांना उपयोगी पडणार."

"अजून लांब आहे ते, आई. आधी उंदीर."

"उंदरापासूनच सुरुवात असते सगळ्याची," त्या म्हणाल्या आणि त्या दिवशी तिला डबा भरून दिला. लग्नानंतर पहिल्यांदाच.

काम सुरू झालं. हवा लागली की बिघडणारं ते कॉम्प्लेक्स काचेच्या बंद पेटीत, जाड रबरी हातमोज्यांत हात घालून तोलायचं. त्यावर आर्गॉन वायू सोडत द्रावण करायचं. मग फ्लोरीन देणारी पांढरी भुकटी थोडी थोडी घालायची. नारिंगी रंग आधी लालसर व्हायचा, मग तपकिरी, आणि शेवटी फ्लास्कच्या तळाशी काळपट चिकट थर बसायचा. वहिनीने पहिल्यांदा तो थर पाहिला तेव्हा तिला जरा खटकलं. जो धातू पुन्हा पुन्हा कामाला लागतो, तो असा मेल्यासारखा तळाला का बसावा? पण दादाच्या वेळीही तो बसायचा असं सगळे सांगत होते.

नळीत नमुना घेऊन एनएमआरच्या, म्हणजे चुंबकाने रेणू ओळखणाऱ्या, यंत्रात ठेवला की आकडे उत्तम यायचे. फ्लोरीनची रेघ शेजारच्या फॉस्फरसमुळे दुभंगलेली, अगदी निबंधातल्यासारखी. माल रुथेनियमच्या चौपट. पण तोच माल शुद्ध करून, वाळवून काट्यावर ठेवला की जेमतेम पाचवा हिस्सा भरायचा. नळीत पसाभर आणि हातात चिमूटभर.

"धुताना जात असेल," पैलवान म्हणाला. पैलवान म्हणजे दादाचा जिवलग मित्र. वाऱ्याने उडेल इतका बारीक, म्हणून पैलवान. वहिनी त्याला भावजी म्हणायची. "धुवायचं इथर गार करून घ्या, वहिनी. घाई करू नका."

तिने इथर गार करून घेतलं. धुतलेलं पाणीही तपासलं, गाळणीचा कागदसुद्धा उकळून पाहिला. वजन तेवढंच.

"दादाचा हातच वेगळा होता," पैलवान एकदा चहा पिताना बोलून गेला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी मान हलवली. वहिनीनेही हलवली. दोन-तीन महिने तिने स्वतःच्या हातांना दोष दिला. घरी भाजी चिरताना बोटांकडे बघत राहायची.

पण एक गोष्ट तिला राहून राहून टोचत होती. हात चुकतो तेव्हा रोज वेगळा चुकतो. कधी थोडं जास्त सांडतं, कधी कमी. तिच्याकडून दर खेपेला बरोबर तेवढंच कसं हरवत होतं?

उत्तर सापडलं ते एका दुपारी, तेही ती दुसरंच काही शोधत असताना. कोणी पाहुणे व्याख्यानाला आले होते आणि सगळा मजला सभागृहात जाऊन बसला होता. एनएमआरच्या यंत्रापाशी नेहमी रांग असायची. त्या दिवशी शुकशुकाट. फॉस्फरसची एक बारीकशी रेघ तिला नीट पाहायची होती, आणि फॉस्फरसला वेळ लागतो म्हणून तिने दोन मोजण्यांमधलं थांबणं चांगलं लांबवलं. ते झाल्यावर फ्लोरीन मोजायला घेतला आणि थांबण्याचा आकडा पुन्हा कमी करायचा विसरली. शेजारच्या खुर्चीवर बसून ती सफरचंद खात होती. पडद्यावर रेघा उमटल्या आणि तिचा घास तोंडातच राहिला.

नळी सकाळचीच होती. सकाळी माल चौपट होता. आता तो रुथेनियमपेक्षाही थोडा कमी होता.

तिने यंत्रातला आकडा पुन्हा नेहमीसारखा कमी केला. माल चौपट. वाढवला. पुन्हा एकपटीच्या आत. सफरचंद काळं पडत होतं.

त्या यंत्रात करतात काय, तर चुंबकात ठेवलेल्या अणूंना एक धक्का देतात आणि ते काय बोलतात ते ऐकतात. बोलून झालं की त्यांना पुन्हा जागेवर बसायला वेळ लागतो. मग पुढचा धक्का. असं अनेकदा करून बेरीज घ्यायची. माल किती झाला हे कळावं म्हणून नळीत एक ओळखीचा पदार्थ तोलून टाकलेला असतो. त्याची रेघ आणि आपली रेघ शेजारी ठेवायची की प्रमाण निघतं. पण सगळे अणू सारख्याच वेळात जागेवर बसत नाहीत. दादाने निवडलेला ओळखीचा पदार्थ फार सुस्त होता, आणि हवा काढून टाकलेल्या नळीत तर आणखीच सुस्त. त्याला पुरता वेळ न देता पुन्हा धक्का दिला की त्याचा आवाज निघायचा नाही. त्याची रेघ बुटकी पडायची, आणि तिच्या शेजारी दादाचा रेणू उगाचच उंच दिसायचा.

चौथा फेरा नव्हता. दुसराही नव्हता. रुथेनियम एकदा काम करायचं, रेणू सुटताना स्वतःच मोडायचं आणि काळा थर होऊन तळाला बसायचं.

सभागृहातून टाळ्यांचा आवाज आला. वहिनीने नळी काढली, खिशात ठेवली आणि प्रसाधनगृहात जाऊन तोंड धुतलं. मग पुन्हा धुतलं.

तिने आधी पैलवानाला सांगितलं. गच्चीच्या जिन्यात, जिथे तो सिगारेट ओढायला जायचा.

"भावजी, तुम्ही मोजायचात तेव्हा मध्ये किती थांबायचात?"

"थांबायचं कशाला? यंत्रात जे लावलेलं असतं तेच. सगळे तसंच करतात." मग तिच्या तोंडाकडे बघून त्याने सिगारेट विझवली. "का?"

तिने सांगितलं. तो हुशार होता. अर्ध्यातच त्याला पुढचं कळलं. तो पायरीवर बसला.

"आम्हाला अर्धा तास मिळायचा यंत्रावर," तो म्हणाला. "त्याला उभं राहवत नव्हतं. मी कँटीनमधली खुर्ची नेऊन ठेवली होती तिथे. घाम पुसत बसायचा. त्यात कोणाला सुचणार, वहिनी? आकडा चांगला आला की आम्ही टाळी द्यायचो आणि मी त्याला घरी सोडायचो." मग त्याने विचारलं, "अजून कोणाला बोललात?"

"नाही."

"मग बोलू नका."

"भावजी…"

"ऐका माझं. गटाला माल हवाय ना? द्या. रुथेनियम जास्त घाला आणि द्या. कोण विचारतंय किती फेरे झाले? तो निबंध राहू द्या जिथे आहे तिथे. असे कितीतरी पडलेत."

"आणि जे लोक तो वाचून करायला बसतील?"

"बसतील आणि सोडून देतील. म्हणतील, आपला हात बरा नाही."

आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं आणि त्याने मान खाली घातली. पण हट्ट सोडला नाही. "दादा खोटारडा होता असं म्हणतील लोक."

"तो खोटं बोलला नाही. चुकला."

"तुम्हाला कळतो हो फरक. लोकांना कळतो?" तो उठला. "आणि माझी मुलाखत पुढच्या आठवड्यात आहे, हेही सांगून टाकतो. लपवत नाही. त्याच निबंधावर बोलावलंय मला."

तिने मुलाखत होईपर्यंत थांबायचं कबूल केलं. त्या आठवड्यात तिने सगळं पुन्हा केलं. नवं कॉम्प्लेक्स, नवी नळी, दुसरा ओळखीचा पदार्थ, भरपूर वेळ. मनातून तिला वाटत होतं की कुठेतरी आपलंच चुकावं. चुकलं नाही.

पण मुलाखतीत पैलवानाला कोणीतरी विचारलंच, की हे चार फेरे तुम्ही मोजले कसे. त्याने काय उत्तर दिलं ते त्याने कोणालाच सांगितलं नाही. नोकरी मिळाली नाही. तेव्हापासून तो तिला मॅडम म्हणू लागला.

सरांसमोर तिने कमी आणि जास्त थांबून काढलेले दोन्ही आलेख ठेवले. सरांनी ते बराच वेळ पाहिले. "बरं, मग?" असं ते म्हणतील म्हणून ती वाट बघत होती. ते म्हणाले नाहीत.

"हे मी बघायला हवं होतं," ते म्हणाले. "इतकी वर्षं पोरांना सांगत आलो, माल हातात घेऊन तोलल्याशिवाय छापायचं नाही. याच खोलीत सांगत आलो."

"मग या वेळी?"

"तो असताना छापून यायला हवं होतं ते." सर खिडकीकडे वळले. "डॉक्टरांनी मला सांगितलं होतं किती दिवस राहिलेत. तुलाही सांगितलं असेल. मला वाटलं, त्याने छापलेलं बघावं. म्हणून मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तो पुन्हा करायला बसला असता आणि…"

तिला त्यांचा राग यायला हवा होता. आलाही, पण टिकला नाही. नावावर बोट ठेवून हसणारा दादा तिच्या डोळ्यांसमोर होता, आणि तो दिवस नसता तर बरं झालं असतं, असं तिला म्हणवेना.

"दुरुस्ती छापायची," सर म्हणाले. "चूक सगळ्यांची म्हणून लिही. माझं नाव आधी घाल."

"नाही सर. क्रम होता तसाच राहू दे. काम त्याचं होतं."

आता घरी सांगायचं राहिलं होतं. छापून आल्यावर आईंना कुठून तरी कळावं, हे तिला नको होतं. रविवारी सकाळी आई खिडकीपाशी लसूण सोलत बसल्या होत्या. वहिनी समोर बसली, दोन पाकळ्या सोलल्या आणि बोलायला लागली. रेघा, धक्के, थांबणं, जितकं सोपं करता येईल तितकं केलं. आईंनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. त्यांचं ऐकणं वॉर्डातलं होतं: नातेवाईक बोलत असतात, नर्स हातातलं काम करत असते.

"म्हणजे तो चुकला," शेवटी त्या म्हणाल्या.

"मोजताना चुकला. रेणू खरा आहे, आई. फ्लोरीन बरोबर जागी बसतो, फॉस्फरस बसतो. फक्त रुथेनियम परत…"

"ते राहू दे. चुकला की नाही?"

"हो."

"आणि हे तू शोधून काढलंस."

"हो."

"तू सांगितलं नसतंस तर कोणाला कळलं असतं?"

"कोणीतरी केलंच असतं, आई. आज ना उद्या."

"तोवर मी गेले असते," आई म्हणाल्या.

त्यांनी लसणाची सालं गोळा केली, पण उठल्या नाहीत. सालं मुठीतच राहिली. मग त्यांचे खांदे हलायला लागले. लग्नापासून इतक्या वर्षांत वहिनीने त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मुलाच्या पलंगापाशीही नाही. तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. आईंनी तो झटकला नाही, पण थोड्या पुढे सरकल्या, आणि हात हवेतच राहिला.

"तो गेला ते मला समजलं," त्या जरा वेळाने म्हणाल्या. "जन्मभर तेच बघितलंय मी. शरीर आहे, जातं. पण हे तर मागे उरलं होतं ना गं. हेच तेवढं."

दुरुस्ती छापून आली. अर्धं पान. बाहेरच्या जगाने फारशी दखल घेतली नाही. कोणी दादाला खोटारडा म्हटलं नाही, कोणी वहिनीला शाबासकी दिली नाही. दूरच्या एका प्रयोगशाळेतल्या बाईंचा तेवढा फोन आला. त्यांची एक विद्यार्थिनी वर्षभर हेच करत बसली होती आणि आपल्याला काही जमत नाही म्हणून सोडून जायच्या बेतात होती. "तिला दाखवलं तुमचं पान," त्या म्हणाल्या. "रडली पोरगी." वहिनीने हे घरी आईंना सांगून पाहिलं. "बरं झालं," आई म्हणाल्या आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

हृदयाच्या गटाला तिने माल करून दिला. एका रुथेनियमला एक रेणू, या हिशेबाने कपाटातलं होतं नव्हतं तेवढं कॉम्प्लेक्स त्यात संपलं. चमचाभर पांढरे, चकचकीत स्फटिक. त्यांचा निरोप यायला बरेच दिवस लागले. रेणू रक्तात टिकत नाही, हृदयापर्यंत पोचायच्या आत तुटतो, म्हणाले. त्यांनी आभार मानले. सरांनी तिला ते जिन्यातच सांगितलं आणि तिच्या खांद्यावर हलकेच थोपटून खाली गेले. त्या वर्षाअखेर ते निवृत्त झाले. पैलवानाने एका रंगाच्या कारखान्यात नोकरी धरली. जाताना तो सगळ्यांना भेटला. तिला भेटला तेव्हा "येतो, मॅडम," म्हणाला, दारापर्यंत गेला, परत आला, आणि यंत्राजवळची ती कँटीनची खुर्ची उचलून घेऊन गेला. ती कँटीनमध्ये परत ठेवली की सोबत नेली, ते तिला कळलं नाही.

घरात बोलणं कमी झालं होतं. भांडण नव्हतं. आई वेळेवर स्वयंपाक करायच्या, तिचं पान वाढायच्या, औषधाच्या गोळ्या आठवणीने घ्यायच्या. पण जेवताना पूर्वीसारखं "आज काय केलंस?" असं विचारत नव्हत्या. एक दिवस त्यांनी सांगितलं की मी लेकीकडे राहायला जाते. नणंदेची मुलं मोठी झाली होती, खोली रिकामी होती.

"माझ्यामुळे जाताय?" वहिनीने विचारलं.

आईंनी खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही. "तू बरोबर केलंस, ते मला कळतं. मीही वॉर्डात चुकीचं औषध गेलं की डॉक्टरला सांगायचे, मग कोणीही दिलेलं असो. पण तुला बघितलं की ते आठवतं. मी काय करू?"

बसस्थानकावर वहिनी त्यांची बॅग घेऊन गेली. बस लागायला वेळ होता. दोघी बाकावर बसल्या. शेजारी कोणीतरी मोबाइलवर मोठमोठ्याने बोलत होतं. आईंनी पर्स उघडली, तिकीट बघितलं, बंद केली, पुन्हा उघडली.

"तो हुशार होता ना?" त्यांनी एकदम विचारलं. "की मीच आपली…"

"होता, आई. आम्हा सगळ्यांत हुशार. आता असता तर चूक त्यानेच पहिल्यांदा पकडली असती. आणि मला महिनाभर चिडवलं असतं की तुला कशी नाही दिसली."

आईंच्या ओठाचा कोपरा हलला. हसू पुरतं आलं नाही. "चिडवायचा फार," त्या म्हणाल्या. "लहानपणापासून."

बस आली. वहिनीने बॅग वर चढवून दिली. आई खिडकीपाशी बसल्या आणि बस हलेपर्यंत समोर बघत राहिल्या. मग काच सरकवून म्हणाल्या, "फ्रिजमध्ये दोन दिवसांचं करून ठेवलंय. गरम करून खा."

दर आठवड्याला त्यांचा फोन येतो. गुडघे, नातवंडं, तिकडची थंडी, यावर त्या बोलतात. वहिनीही यंत्रं आणि बाटल्या सोडून बाकी सगळ्यावर बोलते. त्याचं नाव दोघी घेत नाहीत. सुट्टीत येऊन जा असं ती दर वेळी म्हणते. आई "बघू" म्हणतात आणि आधी त्याच फोन ठेवतात.